गुरगुरण्याची नोंदवही

मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात एक कुत्रा आणि एक मांजर एकाच गादीवर झोपलेले आढळले. कुत्र्याचं डोकं मांजराच्या पोटावर होतं. दोघांपैकी कोणीही जखमी नव्हतं. प्रकरण अर्थातच गंभीर होतं.

ते पहिल्यांदा छकुलीच्या आईच्या नजरेस पडलं, कारण त्या घरातलं सगळंच पहिल्यांदा तिच्या नजरेस पडायचं. गॅसचं बटण, खिडकीची कडी, छकुलीचं नाक गरम आहे की गार, याची तासातासाला फेरी मारून खात्री केल्याशिवाय तिला चहा गोड लागत नसे. आत्ताही ती फेरीवरच होती. तिने दारातूनच मोबाइलवर फोटो काढला आणि खणातली सहवास विभागाची मार्गदर्शिका उघडली. मार्गदर्शिकेनुसार या दोघांची पहिली नजरानजर व्हायला अजून वीस दिवस बाकी होते.

"आई! अहो आई, हे दोघं एकत्र झोपलेत!"

"मग झोपू दे की," सासूबाई मटार सोलता सोलता म्हणाल्या. "तू ओरडून छकुलीला उठवू नकोस म्हणजे मिळवली."

"पण त्यांची अजून ओळख झालेली नाही!"

"तुझ्या सासऱ्यांशी माझी ओळख व्हायला बारा वर्षं लागली. संसार त्याआधीच सुरू झाला होता."

छकुलीच्या आईने मार्गदर्शिकेचं पान उलटलं. ती महाविद्यालयात पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली होती, आणि छापील मजकूर व सासूबाई यांच्यात मतभेद झाला तर कोणाचं ऐकायचं, हे तिचं तेव्हाच ठरलं होतं.

त्याचं असं झालं होतं की, रविवारी सासूबाई दोन बॅगा आणि एक झाकणाची टोपली घेऊन कायमच्या राहायला आल्या. टोपलीत बाईसाहेब होत्या. बाईसाहेब म्हणजे नऊ वर्षांची करडी मांजर, जिने आयुष्यात कधी कोणाच्या हाकेला ओ दिली नव्हती. घरात आधीपासून ढोल्या होता. ढोल्या हा कुत्रा असल्याचं बाहेरच्यांना सांगावं लागे, कारण तो भुंकत नसे, फक्त जांभया देई. पुढल्या महिन्याच्या एक तारखेला छकुलीची आई चार वर्षांनी पुन्हा कामावर रुजू होणार होती. छकुलीला सांभाळण्याच्या बाबतीत तिचा जगात दोनच माणसांवर विश्वास होता. त्यातली एक ती स्वतः. दुसऱ्या सासूबाई, अर्थात सूचनांची चार पानी यादी दिल्यानंतर.

आणि सोमवारी सकाळी इमारतीचे सचिव दारात उभे राहिले. पायांत सपाता होत्या, पण चेहरा सभेतला होता.

"ताई, एका घरात दोन प्रजाती आल्याचं कळलं. परवाना काढलात?"

"कसला परवाना?"

"द्विप्रजातीय सहवास परवाना. नमुना क्रमांक अकरा. तीस दिवसांची मुदत असते. मुदतीत मिळाला नाही तर घरात नंतर दाखल झालेल्या निवाशाला अन्यत्र हलवावं लागतं."

"नंतर दाखल झालेली... म्हणजे मांजर?"

"ती गेली तर तिच्या मागोमाग माझ्या दोन्ही बॅगा!" सासूबाईंचा आवाज आतून आला. त्या दिसत नव्हत्या, तरी सचिव एक पाऊल मागे सरले.

म्हणजे हिशेब सरळ होता. परवाना नाही तर मांजर नाही, मांजर नाही तर सासूबाई नाहीत, सासूबाई नाहीत तर एक तारीख नाही. छकुलीच्या आईने सोमवारीच अर्ज आणि मार्गदर्शिका आणली, मार्गदर्शिका दोनदा वाचली आणि महत्त्वाच्या ओळी तीन रंगांत अधोरेखित केल्या. सगळ्याच महत्त्वाच्या होत्या.

आणि मंगळवारी हे असं झालं.

बुधवारी ती कार्यालय उघडायच्या आधीच सहवास विभागाच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. तिला वाटलं होतं, फोटो दाखवला की काम होईल. खिडकीतल्या कारकुनाने फोटो उलटसुलट करून पाहिला.

"छान आहे. वैमनस्य कुठंय?"

"नाहीच ना! तिसऱ्याच दिवशी मैत्री झाली."

"मॅडम," कारकून सबुरीने म्हणाला. वर्षानुवर्षं लोकांना साध्या गोष्टी समजावून सांगणाऱ्या माणसाचा तो सूर होता. "हा परवाना वैमनस्य निवारणाचा आहे. निवारण दाखवायचं तर आधी वैमनस्य नको का? ही नोंदवही घ्या. दिनांक, वेळ, कोण, कोणावर, प्रकार आणि कारण. प्रकार चारच आहेत. गुरगुरणे, फिसकारणे, पाठ फिरवणे, ताट अर्धवट सोडणे. पहिल्या आठवड्यात निदान चाळीस नोंदी लागतात. मग दर आठवड्याला निम्म्या. आलेख उतरता पाहिजे."

"आणि ते भांडलेच नाहीत तर?"

"तर ते एका घरात राहतात याला पुरावा काय?"

छकुलीच्या आईने नोंदवही उघडून रकाने मोजले.  सहा होते.

"आणि हे भरा," कारकुनाने अर्जाचं पहिलं पान पुढे केलं. "घरातले सर्व निवासी, दाखल झाल्याच्या क्रमाने नव्हे, अर्जदार सांगेल त्या क्रमाने. पुढे नोंदवहीत नावं लिहायची नाहीत, नुसते क्रमांक. नावं लिहिली की विभागाला माया लागते."

तिने लिहिलं: एक, नवरा. दोन, ती स्वतः. तीन, छकुली. चार, सासूबाई. पाच, ढोल्या. सहा, बाईसाहेब. कारकुनाने न वाचता शिक्का मारला.

*

मार्गदर्शिकेचा पहिला टप्पा म्हणजे विलगीकरण. दोघांना वेगळ्या खोल्या, वेगळी भांडी, वेगळे सांभाळणारे. एकाला हात लावणाऱ्याने दुसऱ्याकडे फिरकायचं नाही, कारण वास जातो. बुधवारी संध्याकाळपर्यंत घराची वाटणी झाली. बाहेरच्या खोलीत ढोल्या, नवरा आणि छकुली. आतल्या खोलीत बाईसाहेब आणि सासूबाई. मधल्या बोळात, चपलांच्या कपाटाशेजारी, छकुलीची आई. तिच्याकडे नोंदवही होती.

ढोल्याने दाराखालच्या फटीत नाक घातलं आणि उसासे टाकायला सुरुवात केली. पलीकडून फटीतून एक करडा पंजा बाहेर आला आणि त्या नाकावर शांतपणे विसावला. छकुलीच्या आईने मार्गदर्शिका चाळली. उसाशांना रकाना नव्हता. पंजालाही नव्हता.

गुरुवार गेला. नोंदी शून्य. शुक्रवारी तिने नवऱ्याला हाताशी धरलं.

"अरे, तू जरा भुंकून दाखव ना. तो विसरलाय. तुझं बघून करेल."

"मी? भुंकू?"

"चाळीस नोंदी हव्यात रे. बुधवारपर्यंत!"

नवरा स्वभावाने मदत करणारा होता. म्हणजे सांगितलेलं काम तो एकदा, वाईट करून, सोडून द्यायचा. तो गुडघ्यांवर बसला, तळवे फरशीवर टेकले, घसा खाकरला आणि भुंकला. ढोल्या उठला आणि काळजीने त्याचा कान चाटू लागला. त्या आवाजाने आतलं दार उघडलं. बाईसाहेब बाहेर आल्या, नवऱ्याच्या पाठीवर चढल्या आणि अंग गोळा करून बसल्या. त्यांच्या मागून सासूबाई आल्या. पाठीवर मांजर घेऊन चार पायांवर उभा असलेला स्वतःचा मुलगा त्यांनी पाहिला.

"यासाठी शिकवला होता का मी याला?"

"आई, ते परवान्यासाठी—"

"परवान्यासाठी उद्या शेपूट लावशील त्याला! लग्नाआधी माझा मुलगा खुर्चीवर बसायचा."

"खुर्चीवरच बसायचा, आई. उठून पाण्याचा पेलासुद्धा घ्यायचा नाही. ती सवय कोणी लावली?"

  मग छकुलीच्या आईची नजर घड्याळाकडे गेली आणि हातातल्या पेनाला आपोआप वाट फुटली. शुक्रवार. सहा चाळीस. निवासी क्रमांक चार, निवासी क्रमांक दोनवर. गुरगुरणे. कारण: मुलाचं संगोपन. खाली दुसरी ओळ: सहा एकेचाळीस. क्रमांक दोन, क्रमांक चारवर. फिसकारणे. कारण: तेच.

तिने वही पुन्हा वाचली. एकही अक्षर खोटं नव्हतं. रकान्यांत कुठेही शेपटीची अट नव्हती.

त्यानंतर नोंदींना तोटा राहिला नाही. एकाच छताखाली, पण दारं लावून राहिल्यावर माणसाला दुसऱ्याचं सगळं ऐकू येतं आणि काहीच दिसत नाही, त्यामुळे उरलेलं तो मनाने भरतो. छकुलीला स्वेटर घालायचा की नाही, यावर एका सकाळी पाच नोंदी झाल्या. पंख्यावर आठ. "मी काही बोलत नाही" या वाक्यावर तीन, कारण ते बोलून सासूबाई पुढे बरंच बोलल्या. नवऱ्याच्या नावावर फक्त पाठ फिरवणे होतं, पण ते रोज, मोबाइलसह. चार पानी सूचनांची यादी दाराखालून आत सरकवल्यावर ती तासाभराने तशीच परत आली. मागच्या कोऱ्या बाजूवर सासूबाईंच्या सुबक अक्षरांत लिहिलेलं होतं: "एक मूल वाढवलंय मी. ते आत्ता तुझ्याशेजारी जिवंत बसलंय."

बुधवारी कारकुनाने बेरीज केली. त्रेचाळीस. त्याने पहिल्यांदाच मान वर केली.

"वा! याला म्हणतात घर. लोक नुसते फोटो घेऊन येतात."

छकुलीच्या आईला, लाज वाटावी इतका, आनंद झाला.

दुसरा टप्पा गंधपरिचयाचा होता. एकाच्या अंगाखालचं कापड दुसऱ्याच्या जागी अंथरायचं. तिने शिस्तीत बाईसाहेबांच्या खालची शाल काढून बाहेर आणली. ती सासूबाईंची आवडती शाल निघाली आणि ढोल्याने तिच्यावर प्रेमाने लाळ गाळली. पुढच्या तासात अकरा नोंदी. तिसरा टप्पा सहभोजनाचा. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना ताटल्या ठेवायच्या आणि रोज चार बोटं जवळ सरकवायच्या. ढोल्या आणि बाईसाहेब दाराला टेकून बसले आणि संपवून झोपले. सासूबाईंनीही आपलं ताट आतच मागवायला सुरुवात केली होती. ते ताट मात्र रोज चार बोटं लांब जात होतं.

दुसऱ्या आठवड्याची बेरीज एकसष्ट आली. कारकुनाचा चेहरा पडला.

"मॅडम, आलेख वर चाललाय. उतरता पाहिजे. शांतता वाढवा."

"कशी वाढवू?"

"ते मार्गदर्शिकेत आहे," तो म्हणाला. त्याने स्वतः ती वाचली नव्हती, पण तिच्यात सगळं असतं यावर त्याचा गाढ विश्वास होता.

तिने खरोखर प्रयत्न केला. कलम नऊ सांगत होतं, प्रत्येकाला पळून जाऊन बसता येईल अशी एक जागा घरात असावी. ती गॅलरीत, वाळत घातलेल्या चादरींच्या मागे जाऊन बसू लागली. तिथून तिला घर दिसत नसे आणि तरी ती मनातल्या मनात गॅसचं बटण तपासत असे. कलम बारा सांगत होतं, दोघांची तुलना करू नये, दोघांना सारखं लक्ष द्यावं, आधीपासून राहणाऱ्याला आपली जागा गेली असं वाटू देऊ नये. या कलमाखाली तिने तिन्ही रंगांत रेघा ओढल्या होत्या. एके सकाळी तिथेच तिचं बोट अडखळलं. हे कुत्र्याबद्दल होतं, यात शंका नव्हती. तरी ती ते कलम चार वेळा वाचत बसली.

चौथ्या आठवड्यात छकुली बोळात भातुकली मांडून बसली होती. बाहुली चपलांच्या कपाटाच्या या बाजूला, बाहुलीची आजी त्या बाजूला. मधे वही उभी केलेली.

"आजीला इकडे घे की गं," आई म्हणाली.

"नाही, ती त्या खोलीची आहे," छकुलीने समजावून सांगितलं. "तिला हात लावला की वास येतो."

आतल्या खोलीतून नेहमी येणारा खोकल्याचा, बांगड्यांचा, कुरकुरीचा आवाज अचानक थांबला. थोड्या वेळाने बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. खूप हळू. छकुलीची आई पेन हातात धरून उभी राहिली. ही नोंद कोणत्या प्रकारात घालावी, हे तिला ठरवता येईना. आयुष्यात पहिल्यांदा तिने एक रकाना रिकामा सोडला.

*

तिसाव्या दिवशी सकाळी अकरा वाजता निरीक्षकबाई आल्या. त्यांनी दारात बूट काढले, चष्मा बदलला, पाणी नको म्हणाल्या आणि नोंदवही उघडली. त्या विभागातल्या अशा एकट्याच होत्या ज्या बेरजेच्या आधीची पानं वाचत.

त्यांनी सगळी पानं वाचली. मग म्हणाल्या, "दोन्ही दारं उघडा."

दारं उघडली. ढोल्या आणि बाईसाहेब बोळाच्या मध्यावर भेटले. बाईसाहेबांनी ढोल्याच्या कानामागे दोनदा जीभ फिरवली आणि दोघं सगळ्यांची वाट अडवून आडवे झाले.

"हे पाच आणि सहा?"

"हो, मॅडम."

"दोनशे सदुसष्ट नोंदींमध्ये पाच आणि सहा यांची एकही नोंद नाही."

निरीक्षकबाईंनी मागे वळून अर्जाचं पहिलं पान काढलं.

"क्रमांक दोन कोण?"

"मी," छकुलीची आई म्हणाली. आवाज बारीक झाला होता.

"क्रमांक चार?"

"मी," आतल्या दारात उभ्या असलेल्या सासूबाई म्हणाल्या. त्यांच्यामागे दोन बॅगा दिसत होत्या.

"एक?"

नवऱ्याने मोबाइल खिशात घातला. "मी फक्त पाठ फिरवलीय."

"अठ्ठावीस वेळा," निरीक्षकबाई म्हणाल्या. "असू दे. पाच आणि सहा हे वैमनस्य दाखवण्यात असमर्थ ठरल्यामुळे अपात्र आहेत. त्यांना परवाना लागत नाही, त्यांनी खुशाल राहावं. प्रश्न उरला दोन आणि चार यांचा. नियमात प्राणी असा शब्दच नाही. निवासी असा आहे. वैमनस्य कायम, आलेख चढता, मुदत संपलेली. नंतर दाखल झालेल्या निवाशाला हलवावं लागेल. नंतर कोण आलं?"

"मीच की," सासूबाई म्हणाल्या. "माझं सामान भरलेलंच आहे. फक्त माझी शाल कुठंय ते सांगा कोणीतरी. आणि छकुलीचा खोकला गेलेला नाही, तिला गार पाणी देऊ नका. एवढं बोलते आणि गप्प बसते."

छकुलीची आई पुढे झाली. वही छातीशी धरलेली होती. एक तारीख तिला अगदी स्पष्ट दिसत होती आणि ती तारीख हळूहळू लांब जात होती. पण तिच्या तोंडून जे निघालं त्यात तारीख नव्हती.

"नाही मॅडम. नंतर मी आले."

"म्हणजे?"

"या घरात. म्हणजे घर म्हणजे काय, या भिंती थोड्याच? या मायलेकांच्या घरात मी नंतर आले. या तर याच्या जन्माच्याही आधीपासून आहेत. हलवायचं तर मला हलवा."

"काहीतरीच बोलतेस!" सासूबाई उसळल्या. "अहो मॅडम, हिचं ऐकू नका. हे घर हिने लावलंय. पडदे बघा, डबे बघा, डब्यांवर चिठ्ठ्या बघा. मी आले महिन्यापूर्वी, टोपली घेऊन. नंतर मीच."

"आई, तुम्ही मधे बोलू नका."

"तू गप्प बस. एक तारखेला कामावर कोण जाणार, मी? चार वर्षं वाट बघितलीयस, मला काय दिसत नव्हतं?"

"मग छकुलीजवळ कोण राहणार? हा?"

दोघींनी एकदमच नवऱ्याकडे पाहिलं आणि एकदमच मान हलवली. तो अर्थातच पाठ फिरवण्याच्या बेतात होता.

निरीक्षकबाईंनी पेन उचललं, पुन्हा खाली ठेवलं. "एक मिनिट. आवाज चढलेत, म्हणजे गुरगुरणे. पण दोघी एकमेकींच्या बाजूने गुरगुरताय. याला रकाना नाही."

"मला वाटलंच होतं," छकुलीची आई म्हणाली. "बऱ्याच गोष्टींना नाहीये."

निरीक्षकबाईंनी त्या दोघींकडे पाहिलं, मग वाट अडवून पडलेल्या त्या दोघांकडे. शेवटी त्यांनी अर्जावर लिहिलं: "नंतर कोण आले याबाबत उभय पक्षांत तीव्र वाद. निर्णय तहकूब. तीस दिवस मुदतवाढ. तिसऱ्या टप्प्यापासून पुन्हा सुरुवात: उघड्या दारात सहभोजन." त्याखाली शिक्का मारला.

त्या दिवशी दुपारी सासूबाईंचं ताट बोळात आलं, छकुलीच्या आईचंही तिथेच. मधे कुत्रा आणि मांजर घोरत होते, त्यांना ओलांडून लोणच्याची बरणी इकडून तिकडे गेली. सासूबाई म्हणाल्या, लोणच्यात मीठ जास्त झालंय. छकुलीच्या आईचा हात सवयीने पेनाकडे गेला आणि तिथून बरणीचं झाकण लावायला वळला.

पण त्याआधी, निघताना, निरीक्षकबाई दारात बूट घालता घालता घुटमळल्या होत्या.

"तुमच्याकडे एखादी कोरी नोंदवही शिल्लक आहे का हो? कार्यालयातल्या संपल्यात."

"आहे ना. पण तुम्हाला कशाला?"

"आमच्या घरी पाच निवासी आहेत," त्या बुटाच्या नाडीकडे बघत म्हणाल्या. "प्राणी एकही नाही."

तेव्हापासून सहवास विभागाने नमुना क्रमांक अकरा सर्वांसाठी खुला केला आहे. अर्ज आपल्या जवळच्या कार्यालयात मिळतो. घरात कुत्रा किंवा मांजर नसल्यास अर्जदाराने त्या रकान्यात "लागू नाही" असं लिहावं. आजवर त्या कारणासाठी एकही अर्ज फेटाळला गेलेला नाही. नोंदवही सोबतच मिळते. पहिल्या आठवड्याच्या चाळीस नोंदींची चिंता करू नये. बहुतेक अर्जदार त्या, आज घरी जेवायला किती वाजता बसायचं हे ठरेपर्यंत, पूर्ण करतात.